देवडीच्या आतले विद्यापीठ

केंब्रिजच्या सेनेट हाऊसमध्ये पदवीदानाच्या दिवशी जो विधी चालतो, तो प्रथमच पाहणाऱ्याला किंचित हसू यावे असा आहे. काळे झगे घातलेले चार तरुण एका वयस्क अध्यापकाजवळ येतात, अध्यापक आपला उजवा हात पुढे करतो, त्या हाताचे एकेक बोट एकेक जण धरतो, आणि ती पाच जणांची लहानशी दिंडी कुलगुरूंच्या आसनासमोर जाऊन उभी राहते. तेथे तो अध्यापक, ज्याला प्रीलेक्टर अशी संज्ञा आहे, लॅटिन भाषेत असे निवेदन करतो की, या विद्यार्थ्यास मी जाणतो, शीलाने आणि विद्येने तो या पदवीस पात्र आहे, आणि याविषयी तुम्हांस व अखिल विद्यापीठास मी माझा शब्द देतो. मग एकेक जण गुडघे टेकतो, कुलगुरू त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतात आणि पदवी दिली जाते. बोट धरण्याचा भाग गमतीचा असला तरी त्यामागचा व्यवहार मोठा गंभीर आहे. परीक्षा विद्यापीठाने घेतलेली असते, पदवीही विद्यापीठच देते. परंतु समोर गुडघे टेकून बसलेला हा मुलगा मुळात कोण, हे विद्यापीठाला ठाऊक नसते. ते ठाऊक असणारी आणि त्याच्याबद्दल जामीन राहणारी संस्था निराळी, आणि तिचे नाव कॉलेज.

हा शब्द आपल्याकडे आला तो आपले घर मागे ठेवून आला. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर, म्हणजे परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे एक दप्तर अशा स्वरूपात. शिकवणे संलग्न कॉलेजांकडे गेले, आणि राहणेजेवणे ज्याच्या त्याच्या नशिबाकडे: कोणी मामांकडे, कोणी वार लावून, कोणी पेठेतल्या अंधाऱ्या खोलीत चौघांत एक स्टोव्ह मांडून. परिणामी मराठी कानाला ‘कॉलेज’ म्हटले की अकराच्या घंटेला भरणारे वर्ग आठवतात, ‘वसतिगृह’ म्हटले की निजण्याची जागा, आणि ‘विद्यापीठ’ म्हटले की गुणपत्रिकेवरचा शिक्का. त्यामुळे ऑक्सफर्डला गेलेला आपला माणूस रस्त्यात थांबून विद्यापीठ कोठे आहे असे विचारतो, आणि ज्याला विचारले तो सभ्यपणे गोंधळतो. निवासी महाविद्यालयाची पद्धत समजून घ्यायची तर राहणे, शिकवणी आणि परीक्षा ही तीन कामे कोणत्या विद्यापीठाने कोणाकोणाच्या हाती सोपवली आहेत, एवढे विचारावे. या एका प्रश्नाच्या उत्तरांतच जगातल्या बहुतेक प्रकारांचा उलगडा होतो.

आरंभ मात्र पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी झालेलाच नव्हता. तेराव्या शतकातल्या ऑक्सफर्डमध्ये कोवळी पोरे भाड्याच्या घरांत आणि खाजगी ‘हॉल’मध्ये राहत, आणि कॉलेज म्हणजे पुढील अभ्यास करणाऱ्या थोड्या पंडितांच्या योगक्षेमासाठी कोणा धनिक धर्माधिकाऱ्याने लावून दिलेले इनाम असे. वॉल्टर डी मर्टनने १२६४ मध्ये आपल्या कॉलेजाला नियमावली आणि जमिनीचे उत्पन्न दिले. ईलीच्या बिशपाने १२८४ मध्ये केंब्रिजला पीटरहाउस काढले. पॅरिसला रोबेर द सोर्बोंची संस्था त्याही आधी, १२५७ सालची. वळण लागले ते १३७९ मध्ये, जेव्हा विल्यम ऑफ वायकमने ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात पदवी न मिळालेल्या मुलांनाही घेतले, आणि वडील सभासदांनी धाकट्यांना शिकवावे, त्याबद्दल त्यांना कॉलेजच्या तिजोरीतून मोबदला मिळावा, अशी तजवीज केली. शिकवणी आणि निवास यांची गाठ पक्की बांधली गेली ती येथे. नावात ‘न्यू’ असूनही सहाशे वर्षांहून जुने झालेल्या या कॉलेजाचा बांधणीचा नमुनाही पुढे अनेकांनी उचलला.

तो नमुना मराठी वाचकाला परका वाटू नये. रस्त्याकडे पाठ केलेला मोठा वाडा डोळ्यांसमोर आणावा: भक्कम दरवाजा, त्याच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी, आत शिरताच देवडी, आणि देवडीपुढे हिरवळीचा चौक. चौकाच्या एका बाजूस प्रार्थनामंदिर, दुसरीस उंच छताचे भोजनगृह, कोपऱ्यात ग्रंथालय, आणि उरलेल्या सोप्यांतून जिन्याजिन्याने लागलेल्या खोल्या, ज्यांत विद्यार्थी आणि अध्यापक एकाच जिन्यावर वरखाली राहत. देवडीवर बसलेला पोर्टर हा या सबंध व्यवस्थेतला बहुधा सर्वांत माहितगार मनुष्य. टपाल त्याच्याकडे, किल्ल्या त्याच्याकडे, आणि कोणता मुलगा चार दिवस खाली उतरला नाही हेही पहिल्याने त्याच्याच ध्यानात येते. मी एकदा एका पावसाळी सकाळी अशा एका देवडीवर आडोशाला उभा होतो. अर्ध्या तासात पंधरावीस मुले भिजत आत आली, आणि म्हाताऱ्या पोर्टरने एकालाही नाव विचारले नाही, सर्वांना नावाने हाक मात्र मारली.

आता कारभार कसा चालतो ते पाहावे. प्रवेशासाठी अर्ज करताना विद्यार्थी विषयाबरोबर बहुधा कॉलेजाचेही नाव घालतो. त्याची मुलाखत कॉलेजचे अध्यापक घेतात, आणि त्याला घ्यायचे की नाही हा निर्णयही कॉलेजचाच. एका कॉलेजात जागा नसल्यामुळे चांगला उमेदवार वाया जाऊ नये म्हणून केंब्रिजमध्ये अशांची नावे इतर कॉलेजांपुढे ठेवण्याचा शिरस्ता आहे. व्याख्याने, प्रयोगशाळा, मुख्य ग्रंथालय, अभ्यासक्रम आणि परीक्षा हे विद्यापीठाचे. खोली, पंगत, शिकवणी, वैद्यकीय विचारपूस, अडचणीतल्याला मदत आणि बेशिस्तीला शासन हे कॉलेजचे. पदवीसाठी नुसती परीक्षा देऊन भागत नाही, ठरावीक सत्रे गावात ‘राहावे’ लागते. केंब्रिजला पदवीपूर्व विद्यार्थ्यासाठी ही हद्द ग्रेट सेंट मेरीच्या चर्चपासून तीन मैलांची, ऑक्सफर्डला कारफॅक्सच्या चौकापासून सहा मैलांची. सत्र आठ आठवड्यांचे आणि वर्षाला अशी तीन. म्हणजे वर्षातला अर्ध्याहून अधिक काळ सुट्टीचा, हे ऐकून आपल्याकडील पालक दचकतात. पण त्या सुट्टीतल्या वाचनावाचून सत्रातली शिकवणी पेलत नाही, हे मुलाला पहिल्या नाताळातच उमगते.

या शिकवणीजवळ थोडे थांबले पाहिजे, कारण बाकीचा सारा डोलारा तिच्यासाठी आहे. ऑक्सफर्डला तिचे नाव ट्यूटोरियल, केंब्रिजला सुपरव्हिजन. शिक्षकाने आठवड्यापूर्वी एक प्रश्न आणि आठदहा पुस्तकांची यादी दिलेली असते. ठरल्या वेळी एक, दोन, फार तर तीन विद्यार्थी त्याच्या खोलीत येतात, आणि जुन्या ऑक्सफर्डी वहिवाटीप्रमाणे एक जण आपला निबंध मोठ्याने वाचू लागतो. दुसऱ्या पानावर शिक्षक हात वर करतो. ‘येथे तुम्ही “म्हणून” हा शब्द घातला आहे, कशावरून म्हणून?’ विद्यार्थी पान मागे उलटतो, वरच्या परिच्छेदात त्या ‘म्हणून’चे कारण शोधतो, ते तेथे नसते. अशा वेळी वर्गात शंभरांच्या मागे लपता येते. येथे दोन खुर्च्या आणि मध्ये एक शेगडी, लपायचे कोठे? तासाअखेर शिक्षक गुण देत नाही, श्रेणी देत नाही, पुढच्या आठवड्याचा प्रश्न देतो. त्याच्या हाती परीक्षेची तलवार नाही. तो परीक्षक झालाच तर विद्यापीठाच्या नेमणुकीने, इतरांच्या समवेत, आणि नाव झाकलेल्या उत्तरपत्रिकांपुढे. शिकवणारा आणि निकाल देणारा यांची ही फारकत मला या पद्धतीतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते, कारण तिच्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाजूला उभे राहून परीक्षेकडे तोंड करतात. आपल्याकडे अंतर्गत गुण आले तेव्हा शिक्षकाला महत्त्व येईल असे सांगण्यात आले होते. महत्त्व आले, पण ते फौजदाराचे.

अर्थात ही शिकवणी स्वस्त नव्हे. बारा विद्यार्थी दोघादोघांनी आले तरी आठवड्याचे सहा तास गेले, आणि त्या सहा तासांत आपल्याकडील प्राध्यापक शंभरशंभरांच्या वर्गांपुढे सबंध अभ्यासक्रमाचा एक खंड उरकू शकतो. हा खर्च सोसतो कोण, तर विद्यार्थ्याची फी, सरकार, आणि जुनी इनामे. जवळजवळ प्रत्येक कॉलेज कायद्याने स्वतंत्र संस्था आहे. तिचे मालक म्हणजे तिचे फेलो, तेच सभा भरवून ठराव करतात, बहुधा तेच आपला अध्यक्ष निवडतात, आणि त्यांच्यापैकीच एक जण बर्सर या नावाने जमाखर्च पाहतो. केंब्रिजच्या ट्रिनिटीसारख्या कॉलेजाकडे फेलिक्सस्टो बंदराखालची जमीनसुद्धा आहे, तर काही कॉलेजांना छप्पर गळू लागले की जुन्या विद्यार्थ्यांना पत्रे पाठवावी लागतात. श्रीमंतांनी एका सामाईक निधीत भर घालून गरिबांना हात द्यावा अशी सोय आहे, पण विषमता मिटलेली नाही. फेलोंनी स्वतःच्या संस्थेवर स्वतः राज्य करण्याचा हा प्रकार पुण्याला अगदी अपरिचित मात्र नाही. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत वीस वर्षांच्या सेवेची शपथ घेऊन दरमहा पंचाहत्तर रुपयांवर राबणारे आजीव सदस्य हेच संस्थेचे कारभारी असत, आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, होऊन परतलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्यांच्यात येऊन बसले तेव्हा त्यांना ही बैठक फारशी अनोळखी वाटली नसावी. फरक एवढाच, की तिकडच्या फेलोंच्या पाठीशी जमिनी होत्या, आणि इकडच्यांच्या हाती वर्गणीची पावतीपुस्तके.

इनामाचा पैसा माणसाला आळशी करतो हा आक्षेपही जुनाच, आणि तो घेणारे लोक ऐरेगैरे नव्हेत. बॅलिअल कॉलेजात १७४० ते १७४६ अशी सहा वर्षे काढलेल्या ॲडम स्मिथने आपल्या १७७६ च्या ग्रंथात लिहून ठेवले की, ऑक्सफर्डच्या बहुतेक प्राध्यापकांनी शिकवण्याचे सोंगसुद्धा कित्येक वर्षांपासून सोडून दिले आहे. शिकवले काय आणि न शिकवले काय, पगार बुडत नाही, हे त्याचे कारण त्याने अर्थशास्त्राच्या पद्धतीने दाखवले. इतिहासकार गिबनने मॉडलिन कॉलेजातल्या आपल्या चौदा महिन्यांची संभावना याहून कडवट शब्दांत केली आहे. एकोणिसाव्या शतकात केंब्रिजच्या गणिती विद्यार्थ्याला रँग्लर व्हायचे असेल तर कॉलेजच्या शिक्षकावर विसंबून चालत नसे. एडवर्ड राउथसारख्या खाजगी शिकवणीवाल्याकडे वेगळी फी भरून जावे लागे, आणि वर्षानुवर्षे सीनियर रँग्लर बहुधा त्याच्याच शिकवणीतून निघत. म्हणजे क्लासचा रोग हा काही आपल्याच मातीतला नव्हे. पार्लमेंटच्या चौकशा आणि कायदे झाले, १८७१ मध्ये धर्मपंथाच्या अटी गेल्या, बॅलिअलमध्ये बेंजामिन जोवेटसारख्यांनी शिकवणीला पुन्हा प्रतिष्ठा दिली, आणि १८८२ च्या सुमारास फेलोंना विवाहाची सर्वसाधारण मोकळीक मिळाली. या शेवटच्या सुधारणेने एक निराळाच पेच निर्माण केला. तोवर कॉलेज हा ब्रह्मचाऱ्यांचा मठ होता. लग्न करताच फेलोशिप सुटे. मठाधिपती गृहस्थाश्रमी झाल्यावर संध्याकाळी घरी जाऊ लागले, आणि ‘निवासी’ या शब्दाचा अर्धा अर्थ त्यांच्याबरोबर दिंडीतून बाहेर पडला. आजही काही फेलो आत राहतात आणि बाकीचे दुपारच्या जेवणाला येतात. मुलांच्या चौकशीचे काम ट्यूटर या निराळ्या अधिकाऱ्याकडे, निदान केंब्रिजला, सोपवलेले असते.

देवडी आत घेते तशी बाहेरही ठेवते, याची साक्ष आपल्याच माणसांच्या चरित्रांत आहे. नाशिकात जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची उच्च परीक्षा दिली, पण स्त्रियांना पदवी देण्याची विद्यापीठाची तयारी १९२० पर्यंत नव्हती, आणि त्यांच्या हाती पदवी पडली ती १९२२ साली. केंब्रिजने तर याबाबतीत १९४८ पर्यंत वाट पाहायला लावली. स्त्रियांची कॉलेजे आधी उभी राहिली आणि विद्यापीठाने त्यांना मागाहून ओळखले, हे ध्यानात घेतले म्हणजे संस्थांचा हा सैल संघ किती उपयोगी पडतो तेही कळते. सारा अंमल एकाच मध्यवर्ती कचेरीचा असता तर गर्टन आणि न्यूनॅम यांना पाया घालायलाच परवानगी मिळाली नसती. दुसरी गोष्ट पैशाची. कॉलेजचा खर्च ज्यांना झेपत नसे अशांसाठी १८६९ मध्ये केंब्रिजने कॉलेजबाह्य विद्यार्थ्यांची सोय केली, तिचे पुढे फिट्झविल्यम झाले. सुभाषचंद्र बोस तेथलेच, आणि १९५७ मध्ये बनारसहून गेलेले जयंत नारळीकरही तेथलेच. पुढे १९६३ मध्ये तेच नारळीकर किंग्ज कॉलेजचे फेलो झाले, आणि ज्या घराने त्यांना आसरा दिला होता त्या फिट्झविल्यमला स्वतःला पूर्ण कॉलेजचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, १९६६ साली.

आणि पंगतीचे काय? एकत्र भोजन हा या पद्धतीचा आत्मा, असे तिचे भक्त सांगतात: उंच चौथऱ्यावर अध्यापकांचे हाय टेबल, खाली लांब बाकांवर मुले, आरंभी लॅटिन प्रार्थना, आणि शेजारी बसलेला रसायनाचा की संस्कृतचा हे जेवता जेवता कळायचे. हे खरे आहे, आणि विषयाविषयांच्या मुलांची अशी सरमिसळ हाच कॉलेजचा विद्यापीठाच्या विभागांवरचा मोठा विजय आहे. परंतु ट्रिनिटीच्या त्याच वैभवशाली भोजनगृहात १९१४ साली आलेल्या श्रीनिवास रामानुजनला बसता आले नाही. तो आपल्या खोलीत स्वतः भात शिजवी. पुढे त्याच कॉलेजने त्याला १९१८ मध्ये फेलो करून घेतले हे ट्रिनिटीच्या गुणग्राहकतेचे भूषण आहेच. तथापि ज्या ताटावर सारी मैत्री जमायची ते ताटच ज्याला वर्ज्य, त्याला निवासी जीवनातले कितीसे मिळाले असेल, हा प्रश्न मला तरी त्या गौरवापेक्षा अधिक काळ छळत राहतो.

अमेरिकेत ही कल्पना गेली ती पोशाख बदलून. प्रिन्स्टनचे अध्यक्ष असताना वुड्रो विल्सनने १९०७ मध्ये चौकाचौकांच्या निवासी घरांची योजना मांडली, कारण विद्यार्थ्यांचे भोजनक्लब हीच तेथली खरी विद्यापीठे होऊन बसली होती. पण माजी विद्यार्थ्यांना क्लब प्रिय होते, विश्वस्तांनी कच खाल्ली, आणि विल्सन राजकारणात गेला. पुढे दोन वर्षांत तो देशाचा अध्यक्ष निवडून आला. प्रिन्स्टनमध्ये निवासी कॉलेजे व्यवस्थितपणे सुरू व्हायला मात्र १९८२ साल उजाडले. येलचा माजी विद्यार्थी आणि तेलाच्या पैशाचा वारसदार एडवर्ड हार्कनेस याने अशा घरांसाठीचा पैसा आधी येलपुढेच ठेवला होता. येल मसलत करीत बसले तेव्हा १९२८ मध्ये तो हार्वर्डचा अध्यक्ष लॉवेल याच्याकडे गेला, आणि लॉवेलने तत्काळ रुकार दिला. त्या एक कोटी डॉलरहून अधिक रकमेतून हार्वर्डची पहिली दोन ‘हाउस’ १९३० मध्ये उघडली. येल शुद्धीवर आले, आणि १९३३ मध्ये त्यांचीही सात कॉलेजे हार्कनेसच्याच पैशाने उभी राहिली. आज ती चौदा आहेत. सुमारे चारशे मुलांचे एकेक घर, स्वतःचे भोजनगृह, ग्रंथालय, घरातच कुटुंबासह राहणारा प्रमुख, आणि अभ्यासाचा सल्ला देणारा डीन. येलमध्ये मूल गावात पाऊल टाकण्याआधीच त्याचे कॉलेज ठरलेले असते. हार्वर्डमध्ये पहिले वर्ष सर्व जण यार्ड या जुन्या आवारात किंवा त्याला लागून काढतात आणि मग मित्रांच्या टोळक्याने चिठ्ठीत जे हाउस येईल तेथे जातात. १९९६ पूर्वी निवडीला वाव होता, तेव्हा खेळाडूंचे एक घर, कलावंतांचे दुसरे, अशी कंपूबाजी बळावली, म्हणून निवड बंद झाली. हा चिठ्ठीचा उपाय रूक्ष वाटला तरी मी त्याच्याच बाजूचा आहे. आपल्यासारख्यांतच बसण्याची ओढ सतराव्या वर्षी फार बळकट असते, आणि तिला खतपाणी घालायला चौक बांधण्याची गरज नाही.

मात्र अमेरिकन घरांत राहणे आहे, सल्ला आहे, खेळ आणि नाटके आहेत. शिकवणी जवळजवळ नाही. ती विभागांकडे गेली, आणि जेथे शिकवणी नाही तेथे अध्यापक मनापासून येत नाही. हे कोडे सोडवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेत १९६५ मध्ये झाला. तेथे प्रत्येक अध्यापकाची नेमणूक अर्धी कॉलेजकडे आणि अर्धी विषयमंडळाकडे अशी विभागली, कॉलेजांना आपापले अभ्यासक्रम दिले, आणि रेडवुडच्या जंगलात एक नवे ऑक्सफर्ड उगवेल अशी आशा धरली. पण बढतीची वेळ आली की विषयमंडळ विचारी, शोधनिबंध किती. आणि कॉलेज विचारी, मुलांबरोबर किती वेळ जेवलात. एका पगारावर दोन धनी सांभाळताना माणूस ज्याचा शब्द पुढच्या नोकरीतही चालतो त्याचीच मर्जी राखतो. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस अध्यापक विषयमंडळांकडे वर्ग झाले, आणि कॉलेजे बहुतांशी नावाची उरली. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठाचा जन्म १९६३ मध्ये तीन कॉलेजांच्या संघातून झाला, १९७६ च्या कायद्याने अध्यापनाची मुखत्यारी मध्यवर्ती झाली. आज तेथे नऊ कॉलेजे आहेत, आणि ती राहणे, संस्कार, शिष्यवृत्त्या एवढ्यापुरती. इंग्लंडातल्या डरमने १८३२ पासून कॉलेजे ठेवली, पण आज अध्यापन सारे विभागांचे. सिंगापुरात येलच्या भागीदारीने २०१३ मध्ये सुरू झालेले कॉलेज २०२१ च्या एका निर्णयाने बंद करायचे ठरले, आणि २०२५ मध्ये त्याची शेवटची तुकडी बाहेर पडली. या सर्व हकिगतींतून मला एकच धागा दिसतो: कॉलेजच्या हातून शिकवणी गेली की उरते ते उत्तम वसतिगृह, आणि उत्तम वसतिगृहावर अर्थखात्याची नजर फार दिवस प्रेमाची राहत नाही.

आपल्या उपखंडात या पद्धतीचा विचार सर्वांत गंभीरपणे झाला तो मायकेल सॅडलरच्या अध्यक्षतेखाली १९१७ मध्ये नेमलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगात. संलग्न कॉलेजांच्या भाराने विद्यापीठ वाकले आहे, तेव्हा शिकवणारे, एकसंध आणि निवासी विद्यापीठ ढाक्याला काढावे, अशी त्याची शिफारस. आणि १९२१ मध्ये ढाका हॉल, जगन्नाथ हॉल आणि सलीमुल्ला मुस्लिम हॉल अशा तीन हॉलांसह ते निघालेही. प्रत्येक विद्यार्थी, मग तो गावात घरी राहणारा का असेना, कोणत्या तरी एका हॉलशी जोडलेला असे. हॉलवर प्रोव्होस्ट, हाताखाली हाउस ट्यूटर. इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार जगन्नाथ हॉलचे प्रोव्होस्ट होते, पुढे कुलगुरू झाले. मांडणी इंग्रजी, पण हॉल धर्मावर वाटलेले; ऑक्सफर्डने धर्माच्या अटी काढल्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. आपल्याकडेही वसतिगृहाचा इतिहास या वाटणीतूनच गेला आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी केली, कारण त्या मुलांना पेठेत खोली देणारा आणि पंगतीला घेणारा कोणी नव्हता; जे घर मुळात दारातच घेत नव्हते त्याच्याकडे सरमिसळीची अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. सरमिसळीचे पाऊल भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात १९२४ पासून टाकले, जेथे सर्व जातींची मुले एका चुलीवर रांधून एका पंगतीत जेवत. सॅडलरच्या अहवालात न बसणारे हे निवासी शिक्षण ना ट्यूटरांचे होते ना लॅटिनचे, पण ट्रिनिटीच्या भोजनगृहाला जे साधले नाही ते तेथे साधले, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

पुण्याजवळ येरवड्याच्या टेकाडावर सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि १८६८ पासून वापरात आलेल्या डेक्कन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राने निवासाचा अनुभव पहिल्याने मोठ्या प्रमाणावर घेतला. गावापासून दूर, नदीपलीकडे, त्यामुळे मुलांना तेथेच राहणे भाग. बाळ गंगाधर टिळकांनी तेथे पहिले वर्ष अभ्यासापेक्षा तालमीत अधिक घालवले हे सर्वश्रुत आहे. आणि १८७९ मध्ये एम. ए. चा अभ्यास करणारे आगरकर आणि कायद्याचा अभ्यास करणारे टिळक यांच्या तेथल्या रात्रीरात्रीच्या वादांतून न्यू इंग्लिश स्कूलचा संकल्प निघाला, हेही. या वादांना कोणी ट्यूटर नव्हता, कोणी यादी दिली नव्हती. पदवीपूर्व वर्ग तेथे १९३४ मध्ये बंद झाले. १९३९ मध्ये इमारत पुन्हा उघडली ती संशोधनसंस्था म्हणून. टिळकांची खोली जतन केलेली आहे. ती पाहायला जाणारे लोक खोली केवढीशी आहे याचे आश्चर्य करतात. मला आश्चर्य वाटते ते तिच्या बाहेरच्या लांब ओवरीचे, जिच्यावरून येरझारा घालत दोन माणसे पहाटेपर्यंत भांडू शकतील.

माझे स्वतःचे कॉलेजजीवन अशाच एका वसतिगृहात गेले. कोणत्या, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. साडेनऊला रेक्टर हजेरीपट घेऊन येत, दारातूनच ‘आहेत का तिघे?’ असे विचारीत, आतून कोणीही ‘आहेत’ म्हटले की पेन्सिलीने तीन टिंबे देऊन पुढच्या दाराकडे वळत. मनुष्य वाईट नव्हता; एकशे ऐंशी मुले, आणि दिवसा त्याच्या डोक्यावर चार वर्गांची व्याख्याने. तीन वर्षांनी नोकरीच्या अर्जाला चारित्र्याचा दाखला लागला म्हणून मी दप्तरात गेलो. कारकुनाने खणातून छापील कागद काढला. त्यावर असे होते की, सदर विद्यार्थ्यास मी व्यक्तिशः ओळखतो आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे. खाली प्राचार्यांची सही आधीच केलेली होती, तारखेपुरती जागा मोकळी. कारकुनाने दौतीत टाक बुडवून मला नाव विचारले, मी सांगितले, त्याने लिहिले. आडनावात एक वेलांटी चुकली होती, ती मी दाखवली. ‘राहू द्या,’ तो म्हणाला, ‘दुसरा कागद घेतला तर सही नाही.’